पान्याच्या डब्याला दिलेलं नाव

१

आदीच सांगतो, ह्या गोष्टीचा शेवट तुम्हाला घावायचा न्हाई. घावला तर माझी मिशी लातूरच्या गोलाईत, भर बाजारात भादरा. एक गोष्ट फुकट सांगून ठेवतो. कोनी मरत न्हाई. आता लावा डोकं.

मी देविदास. लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यात, नाव घेत न्हाई, सीटी स्कॅनच्या खोलीत मामा हाय. मामा मनजे काय, तर पेशंटला टेबलावर घ्यायचं, उतरवायचं, चादर बदलायची, बायांच्या कानागळ्यातलं काढून त्यांच्याच मानसाजवळ द्यायचं. शाळा दुसरीपतोर. अक्षराशी माझं जमत न्हाई, आकड्याशी जमतंय. मनून डोसचं रजिष्टर माझ्याकडं.

डोस मनजे औषधाचा न्हाई बरं. त्या मशीनमधून किरनं निघत्यात, दिसत न्हाईत, लागत न्हाईत. ती मानसाच्या अंगात किती गेली त्याचा आकडा, त्याला डोस मनत्यात. स्कॅन झाला की आकडा कॉम्प्युटरच्या काचंवर येतो, मी उतरून घेतो.

मशीन चालवते तनुजा मॅडम. मुखेडची पोरगी, लई हुशार, राग नाकाच्या शेंड्यावर. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मामा, हा आकडा नुसता वर चढतो. एकदा अंगात गेलेलं परत काढता येत नाही. म्हणून नीट लिहायचं."

मी मनलं, "आमच्या सासूच्या टोमन्यावानी."

हसली न्हाई. तिला माझा सौभाव ठाऊक झाला व्हता. आख्ख्या दवाखान्यालाच ठाऊक. हापिसातले मोठे बाबू शेषेराव, त्यांना मी एकदा सांगितलं, मशीन चालू असली की भिंतीपलीकडल्या मोबाईलमधलं बोलनं पुसून जातंय. बिचारे महिनाभर मोबाईल जेवनाच्या डब्यात ठेवून बसले. डब्यातून रिंग वाजायची, चटनीचा वास लागलेला मोबाईल कानाला. ते मला अजून माफ करीना झालेत. आन् तेच पुढं माझ्या मुळावर आलं.

२

रोज सकाळी साडेआठला, पेशंट यायच्या आदी, मशीनची परीक्षा असती. प्लास्टिकचा गोल डबा हाय, आत पानी भरलेलं, मानसाच्या डोक्याएवढा. तो टेबलावर, डोकं ठेवायच्या खोबनीत बसवायचा आन् त्याचा स्कॅन काढायचा. पानी बरोबर दिसलं तर मशीन बरोबर. चित्र येतं ते बिनडागाचं, राखाडी, गोल. ज्वारीच्या भाकरीवानी. नऊ वर्षं झाली, रोज सकाळी तीच भाकर बगतो.

आदी तनुजा मॅडम नावाच्या जागी "टेस्ट" लिहायची. दिवाळीनंतर आमच्या नांदेडच्या मोठ्या हापिसानं नवा कॉम्प्युटर बसवला. सगळ्या गावच्या पेशंटचा डोस तिथं गोळा. कुनाला जास्त गेला की लाल दिवा. आन् पेशंटच्या मोबाईलवर पन संदेश: तुमचा स्कॅन झाला, डोस इतका. काम चांगलं हाय. मी त्याला नाव ठेवीत न्हाई.

पन तो कॉम्प्युटर "टेस्ट" घेईना. नाव पायजे, वय पायजे, गाव पायजे, मोबाईल पायजे. परीक्षा झाल्याबिगर मशीन उघडंना, आन् नाव दिल्याबिगर परीक्षा हुईना. तनुजा मॅडमनं नांदेडला बालाजी सरला फोन लावला. एकदा न्हाई, नऊदा. सर मनले, "सध्या कुठलंही एक नाव घाला मॅडम, रोजचं म्हणून फिक्स करा. पुढं बघू."

"कुठलंही म्हणजे कुणाचं?"

"कुणाचंही हो."

बाहेर पेशंट ओळीनं बसलेले, एकाचं डोकं फुटलेलं. तिनं टेबलावर मूठ आपटली. मी पुढं झालो.

"लिवा मॅडम. श्रीमंत. वय त्रेसष्ट. गाव औसा. मोबाईल मी सांगतो."

"कोण हे?"

"माझा साडू. गिरनी हाय त्याची. त्याला इचारायची गरज न्हाई, लई मोठ्या मनाचा मानूस हाय."

खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. श्रीमंताला रोज सकाळी मोबाईलवर संदेश जानार, तुमचा स्कॅन झाला. आन् ते बेनं औशात पीठ दळत बसलेलं!

तिसऱ्या दिवशी फोन आलाच.

"देव्या, माझं टाळकं कवा स्कॅन केलास रं तू?"

"काल केलं की. आत काईच घावलं न्हाई. पानीच पानी."

त्येनं मला दोन शिव्या दिल्या, मी तीन दिल्या. लई हसलो बगा त्या दिवशी.

३

मशीनमध्ये एका बाईचा आवाज भरलेला हाय. छातीच्या पेशंटला ती सांगती, श्वास घ्या, रोखून धरा, आता सोडा. सकाळच्या परीक्षेत तो आवाजही वाजवून बगायचा असतो. आम्ही काचंच्या अलीकडल्या खोलीत बसतो, आतला पेशंट काय बोलला तर ऐकू यावं मनून टेबलावर एक स्पीकर हाय. डबा काई बोलत न्हाई, मनून सकाळी त्या स्पीकरकडं कोन ध्यान देतंय.

त्या दिवशी बाई मनली, श्वास घ्या.

आन् स्पीकरमधून कुनीतरी श्वास घेतला.

मी काचंतून बगितलं. टेबल. टेबलावर डबा. डब्यात पानी, थोडं हलतंय, टेबल हलल्यावर हलतंय तेवढंच. बाई मनली, आता सोडा. आन् सोडला. लांब, म्हाताऱ्या मानसाचा, शेवटाला नाकात बारीक शिटी वाजलेली.

मी मनलं, एशीची हवा. दुसऱ्या दिवशी एशी बंद करून बगितली. श्वास आला. मनलं, पंखा. पंखा तर त्या खोलीत न्हाईच. तिसऱ्या दिवशी तनुजा मॅडमनं ऐकलं. मला बरं वाटलं, चला, आता दोघं झालो. तर ती माझ्याकडं वळून मनती, "मामा, सकाळी सकाळी तोंडानं आवाज काढू नका. मला आधीच वैताग आहे."

"म्या न्हाई काढला."

"मग काय डब्यानं काढला?"

जलमभर दुसऱ्याला फसवलं, आता खरं बोलाय गेलं तर तोंडाला कोनी किंमत देईना. चौथ्या दिवशी मी एक नामी काम केलं. गिलासभर पानी तोंडात धरलं, गाल फुगवले आन् तिच्या म्होरं जाऊन उभा राहिलो. तिच्या नाकाम्होरं. बोटानं दाखवलं, बग, तोंड भरलेलं हाय.

बाई मनली, श्वास घ्या.

घेतला. स्पीकरमधून. शिटीसकट.

तनुजा मॅडम माझ्या गालाकडं बगत राहिली. मग तिनं स्पीकरचा आवाज बटनानं शून्य केला, कंप्लेंटच्या वहीत लिहिता लिहिता मनली, स्पीकर नादुरुस्त. माझ्याकडं बगितलं न्हाई. मी पानी बेसिनात थुंकलो. थुंकताना ध्यानात आलं, ती नाकातली शिटी मी वळखतो. तरुनपनी कुस्तीत श्रीमंताचं नाक मोडलेलं. माझ्याच हातानं.

४

त्याच आठवड्यात केवळाबाईचा फोन. केवळाबाई मनजे श्रीमंताची बायकू, माझ्या मालकिनीची धाकटी भैन.

"भावजी, एकदा येऊन जावा. ह्येंचं काईतरी येगळंच चाललंय."

"काय करलालाय?"

"फोनवर सांगन्यासारखं न्हाई वो."

रविवारी मशीन बंद असती. एस्टी धरून औशाला गेलो. श्रीमंत गिरनीच्या ओट्यावर टोपी घालून बसलेला. आजपतोर ह्या मानसानं टोपी घातलेली मी लगनात पन बगितली न्हाई.

"टोपी कामून रं? पुढारी झालास का?"

त्येनं टोपी काढली.

डोक्याला पट्टा बांधून वस्तरा फिरवावा तसं. कानाच्या वरून, मागून पुढं, चार बोटं रुंद, सगळीकडून सारखं. वर केस हायत, खाली केस हायत, मधी काईच न्हाई. चामडी लालसर, गुळगुळीत, तान्ह्या लेकरावानी.

मला आदी हसूच आलं. मनलं, गड्यानं सूड घेतला. माझ्यावानीच हाय की हा, माझी मस्करी माझ्यावर उलटवली.

"कोन्त्या न्हाव्याकडून केलास? लई सफाईदार हात हाय."

"तुझ्या मस्करीला मी डोकं भादरीन व्हय रं?" श्रीमंत मनला. आवाजात काई दम न्हाई. "उशीला चिकटून आले. सकाळी उठलो तर सगळं उशीला. तिथं ऊन लागल्यावानी व्हतंय देव्या. छपराखाली बसलो तरी ऊन."

मी बोट लावून बगितलं. नुसतं तेवढंच चार बोटं गरम.

केवळाबाई दारात उभी व्हती. मनली, "हे न्हाई. हे काईच न्हाई. उद्या सकाळी बगा."

५

रातीला तिथंच राहिलो. सोमवारी सकाळी गिरनी सुरू झाली. पट्टा फडफडायला लागला, सगळीकडं पिठाचा धूर. एक बाई ज्वारीचं गठुडं घेऊन आलेली. श्रीमंतानं वरच्या डब्यात दाने ओतले आन् ओट्यावर बसून खालच्या पिठाला हात लावून बगाय लागला, बारीक येतंय का. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बगत व्हतो. लातूरला तनुजा मॅडम आता डबा खोबनीत बसवत असंल.

साडेआठला दोन मिनिटं कमी असताना श्रीमंताचे हात दोन्ही बाजूला सरळ पडले.

डोळे मिटले. आमी पेशंटला सांगतो ना, लाल उजेड डोळ्यावर येतो, डोळे मिटा, तसे. आन् त्येनं मान मागं टेकली. ओट्यावर बसलेला मानूस, मागं भिंत न्हाई, उशी न्हाई, काईच न्हाई. टेकली आन् राहिली. डोक्याच्या मागं खोबनी असल्यावानी. कान पन दाबलेले दिसाय लागले, दोन्हीकडून.

मग त्येनं श्वास घेतला. शिटी वाजली.

मी मोजाय लागलो. नऊ वर्षं मोजतोय, मला घड्याळ लागत न्हाई. रोखून धरापासून आता सोडापतोर बारा. गिरनी चालूच, खाली पीठ डब्याच्या बाहेर सांडाय लागलं, ती ज्वारीवाली बाई ओरडाय लागली, "आवं दादा, पीठ! पीठ!" केवळाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

दहा. अकरा. बारा.

श्रीमंतानं श्वास सोडला, मान उचलली, सांडलेलं पीठ बगून त्या बाईलाच बोलाय लागला, "डोळे फुटले व्हय तुझे? सांगायचं न्हाई?"

तेवढ्यात त्येच्या खिशात मोबाईल वाजला. संदेश आलेला. तुमचा स्कॅन झाला.

६

मी लगोलग एस्टीनं लातूरला परत आलो आन् सरळ हापिसात गेलो. डब्याचं फिक्स नाव नांदेडवाल्यांबिगर कुनाला बदलता येत न्हाई, आन् नांदेडला अर्ज हापिसातूनच जातो. शेषेराव पान लावत बसलेले.

"साहेब, डब्याचं नाव बदलायचंय."

"कुठल्या डब्याचं? माझ्या जेवणाच्या?" आन् सगळं हापिस हसलं.

"पान्याच्या डब्याचं. माझ्या साडूचं नाव हाय, ते काढा. त्येला डोस लागून राहिला."

"औशात बसून?"

"हाव."

शेषेरावनं पान गालात सारलं. "देविदास, महिनाभर माझा मोबाईल तू डब्यात ठेवायला लावलास. चटणीच्या वासानं बायको घरात घेईना झाली होती मला. आता तू मला डब्याचंच सांगतोस?"

मी हात जोडले. पाया पडतो मनलं. खरंच वाकलो. तर ते पाय वर घेऊन खुर्चीत बसले, मला वाटतं त्यांना वाटलं मी चप्पल बांधून ठेवतो.

तनुजा मॅडमनं अर्ज लिहिला. तिनंच, मी न सांगता. तिला स्पीकरचं ठाऊक व्हतं. कारनाच्या जागी काय लिहावं, दोघं अर्धा तास बसलो. ती मनली, "खरं लिहिलं तर फाडतील, खोटं लिहिलं तर मी अडकेन." शेवटी लिहिलं, नावाच्या मालकाची हरकत. अर्ज नांदेडला गेला, परत आला. शिक्का न्हाई मनून. शिक्का मारून पाठवला, परत आला. नमुना जुना हाय मनून. मी सोता बालाजी सरला फोन लावला.

"काय हरकत आहे त्यांची?" सर मनले.

"केस गेले साहेब त्येचे."

फोनमधून चार-पाच जन हसलेले ऐकू आले. सरनं सगळ्यांना ऐकू जाईल असं करून ठेवलेलं.

"परीक्षा बंद ठेवा मॅडम," मी तनुजा मॅडमला मनलं. "आठ दिवस."

"आणि पेशंट? काल निलंग्याहून ॲक्सिडेंटचा आला, त्याच्या डोक्यात रक्त होतं, वीस मिनिटांत सापडलं. टेस्ट नाही केली तर मशीन उघडत नाही मामा. कुणाला मारू, सांगा तुम्हीच."

रोज सकाळी डबा मीच खोबनीत ठेवत व्हतो. ह्याच हातानं. एकदा ठेवलाच न्हाई, रिकामं टेबल आत सारलं. मशीनला पानी दिसलं न्हाई, परीक्षा नापास. मग परत डबा ठेवून परत स्कॅन. श्रीमंताला त्या दिवशी दोनदा.

केवळाबाईचे फोन येत राहिले. डोक्यावरचा पट्टा रुंद झाला. डाव्या डोळ्यापुढं दूध सांडल्यावानी दिसतंय. मग बोलताना शब्द हरवाय लागले. गिरनीला गिरनी मनना. एक दिवस तिनं फोन त्येच्या कानाला लावला.

"श्रीमंता, मी बोलतोय."

फोनमधून नुसती नाकातली शिटी. मग मनला, "तू... तो न्हाई का. माझं नाक मोडलेला."

चाळीस वर्षांपासूनचा साडू. माझं नाव त्येला घावंना.

७

शेवटी कागदानंच काम केलं. नांदेडला लाल दिवा लागला. पत्र आलं, औशाच्या श्रीमंत नावाच्या पेशंटला एवढे स्कॅन कशासाठी, तीन दिवसांत खुलासा करा. आता सगळे धावाय लागले. मी रडलो तवा हसले, आन् एक कागद आला तर शेषेराव सोता जिना चढून वर आले, धापा टाकत. नांदेडहून बालाजी सर मनले, रोजचं नाव एकदा बदलून देतो. एकदाच. कॉम्प्युटरवाल्यांचा नियम हाय. नाव आधारवालं पायजे.

"आत्ता सांगा," शेषेराव मनले. "सर फोनवर आहेत."

माझं नाव मनात आलं न्हाई असं न्हाई. आलं. जिभेवर आलं. मी डोक्याला हात लावला, केस चाचपले. भ्यालो. एवढंच सांगतो, भ्यालो.

आन् मग माझं डोकं चाललं. जलमभर चाललं तसंच, वाकडं. मनलं, जित्या मानसाला लागतंय ना? मग जे जितंच न्हाई त्याचं द्यावं. मेलेल्या मानसाला काय व्हतंय?

"कावेरीबाई," मी मनलं. "वय अठ्ठावन्न लिवा. आधार घरी पेटीत हाय, घेऊन येतो. मोबाईल माझाच घाला."

तनुजा मॅडमनं माझ्याकडं बगितलं. "मामा, मामी ना?"

"असू दे गं. हसंल ती."

माझी मालकीन. चार वर्षांमागं गेली, पोटाचं दुखनं. लई भोगलं तिनं. शेवटाचे दोन महिने भिंतीकडं तोंड करून नुसती निजलेली असायची. गेली तवा सगळे मनले, सुटली. मी पन मनलो.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या टायमाला मी स्पीकरचं बटन मोठं केलं. श्वास घ्या. काई न्हाई. सोडा. काई न्हाई. नुसती मशीनची घरघर. मी आन् तनुजा मॅडम एकमेकांकडं बगून हसलो, किती दिसांनी.

पंधरा दिसांत श्रीमंताच्या डोक्यावर लव आली. महिन्यानं त्येचा फोन, "देविदास, हलकटा, माझ्या डोक्याचं पीठ केलंस तू." पुरं नाव घेतलं त्येनं. मला रडू आलं. मी मनलो, सर्दी झाली.

८

ती भाकर, सांगितलं ना, राखाडी, बिनडागाची. एका मंगळवारी तिच्या डाव्या अंगाला पांढरी चमक दिसली. बारीक. चांदनी फुटल्यावानी, रेघा निघालेल्या.

"बुडबुडा असेल," तनुजा मॅडम मनली.

"बुडबुडा काळा दिसतो मॅडम. तुमीच शिकवलं."

डबा फिरवून ठेवला. चमक जागची हलली न्हाई. डब्याबरोबर फिरायला पायजे व्हती, फिरली न्हाई. मला ती चमक ठाऊक हाय. बायांच्या कानातलं काढायचं राहिलं की चित्रात अशीच येती. वरच्या पाळीतलं असलं तर बरोबर तिथं.

घरी गेलो, पेटी उघडली. तिच्या बुगड्या चिंधीत बांधलेल्या, दोन्ही हायत. एक गार. दुसरीला हात लावला आन् काढून घेतला. चुलीच्या कडंवरून उचलल्यावानी.

दुसऱ्या सकाळी मी डबा ठेवताना टेबलाकडं नीट बगितलं. चादर मीच घातलेली, कडक, धुतलेली. डबा वरच्या टोकाला. आन् खालच्या टोकाला, डब्याचं जिथं काईच टेकत न्हाई तिथं, चादरीला दोन खड्डे. टाचांचे. मी हातानं चादर सारखी केली. बाहेर येऊन काचंतून बगितलं. खड्डे परत पडलेले. टेबल आत सरकाय लागलं तसे ते खड्डे जवळ आले, पाय आखडून घ्यावे तसे.

बाई मनली, श्वास घ्या.

श्वास न्हाई. श्वास कुठून येनार. पन स्पीकरमधून बायकी आवाज आला, घसा सुकलेला, भिंतीकडं तोंड करून बोलल्यावानी.

"आवं. अजून किती?"

तनुजा मॅडमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझं बोट बटनावर व्हतं, आतल्या पेशंटशी बोलायचं बटन. रोज शंभरदा दाबतो. दाबलं. मनलं, "झालं. झालंच. पडून राहा." दुसरं काय येतंय मला.

त्याच दिवशी माझं आधार घेऊन मी हापिसात गेलो. मनलं, माझं घाला, आता भीत न्हाई, हितं सही करतो, अंगठा देतो. शेषेराव ह्या टायमाला हसले न्हाईत, माझं तोंड बगून त्यांनी नांदेडला फोन लावला. बालाजी सर मनले, नियम सांगितला होता ना, एकदाच. आन् लाल दिव्याचं काय, मी इचारलं, तिलाही लागंल की लाल दिवा. सर मनले, "नोंद तपासली आम्ही. बाई मयत आहेत. मयताला डोसची मर्यादा नसते. दिवा लागणार नाही."

नवी मशीन सात वर्षांनी येनार हाय. तवर हीच, हेच नाव.

संदेश माझ्याच मोबाईलवर येतो. अक्षर मला घावत न्हाई, आकडा घावतो. रोज वर चढलेला. मी डबा ठेवतो, काचंच्या अलीकडं येऊन बसतो. ती इचारती. मी मनतो, झालंच. श्रीमंताला लागलं, त्येला मरून तरी सुटता आलं असतं. तिला तेबी न्हाई. मरन तिनं चार वर्षांमागंच वापरून टाकलंय.